अंगणात जमिनीखाली सापडलेली जड लोखंडी वस्तू : कुणी ओळखेल का? (घोरपडी, पुणे)

चाफेकळी

नमस्कार मंडळी. घोरपडी गावातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेताना एक वस्तू निघाली आहे. खणणाऱ्या दादांना आधी दगड लागला असं वाटलं, पण पहारीचा आवाज वेगळा आला. माती बाजूला केल्यावर जाड काठाचं लंबगोल, खोलगट भांडं दिसलं. तोंड वर, बूड खाली. बाहेर काढायला दोघं लागले, इतकं जड आहे.

फोटोत खोली नीट कळत नाही, म्हणून वर्णन देते. लांबी साधारण १९ इंच, रुंदी १६ इंच. बुडाच्या दोन बाजूंना तळहात जाईल एवढी दोन लंबगोल भोकं आहेत. ती पांढरट-तांबूस कसल्याशा लेपानं घट्ट बुजवलेली आहेत. भांडं पालथं घातलं की वर एक सपाट जागा दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जबड्यासारखे दोन उंचवटे. त्या सपाट जागेच्या खालून आरपार जाणारी एक चपटी खाच आहे, पट्टी सरकवावी तशी. एका बाजूला उठावाची अक्षरं असावीत, पण गंजामुळे वाचता येत नाहीत.

सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून तिथे काही पुरल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. घर लवकरच पाडायचं ठरलंय. त्याआधी हे काय आहे ते समजावं अशी मनापासून इच्छा आहे. कामावरच्या लोकांनी भंगारवाल्याला बोलवू का, असं विचारलं. मी नको म्हटलं.

नदीकाठ

ताई, ओळख नंतर होईल. आधी त्यावर हातोडी-पहार चालवणं थांबवा. आपल्या भागात लष्कराचा वावर दोनशे वर्षांचा आहे आणि खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. अशा शहरात जमिनीतून निघालेली जड लोखंडी वस्तू आधी संशयानंच बघायची.

काय बघायचं ते सांगतो. सगळीकडून बंद, आतून पोकळ असा आकार आहे का? टोकाला आट्यांचं बूच आहे का? अंगाभोवती तांब्याचा किंवा पितळेचा पट्टा आहे का? मागे पंख्यासारखी पाती आहेत का? यातलं एक जरी असेल तर हलवू नका, पाणी ओतू नका, सगळ्यांना लांब करा आणि ११२ ला फोन करा. गंजलेला आहे म्हणजे निकामी झाला असं अजिबात नसतं. आतली स्फोटकं वर्षानुवर्षं टिकतात आणि काही तर जुनी झाल्यावर जास्त बेभरवशाची होतात.

तुम्ही वर्णन केलेली वस्तू एका बाजूनं पूर्ण उघडी दिसते, म्हणजे धोका नसावा. तरी खात्री करून इथे लिहा.

चाफेकळी

धन्यवाद नदीकाठ. बंद काहीच नाही. पूर्ण उघडं आहे, आत हात फिरवला तर सलग एकच जाड पत्रा लागतो. आट्या नाहीत, दुसरा कुठला धातू नाही. आत मातीबरोबर काळ्या दगडाची चार-दोन टोकदार खडी चिकटलेली होती, तीही काढून ठेवली आहे.

पेठकरी

भोकं बुजवलेला लेप पांढरट-तांबूस म्हणजे चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) असणार. ते पेशवाईतलं बांधकाम साहित्य. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं, त्या नळाच्या एखाद्या हौदाचा हा भाग असू शकेल का? किंवा ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई आणि त्यानंतर १७ तारखेला शनिवारवाड्यावर लागलेलं इंग्रजांचं निशाण, या धामधुमीत फौजा याच परिसरातून फिरल्या. तोफेच्या गाड्याचा एखादा भाग? जबडे आणि सपाट बैठक वाचून तोफेची नळी तिथे टेकत असेल असं वाटतं.

ओतशाळा

मी भोसरीत ओतकामाच्या धंद्यात आहे. वस्तू काय ते मला सांगता येणार नाही, पण कशाची आहे हे बहुतेक सांगता येईल. ताई, दोन गोष्टी बघा. काठावर कुठे टवका उडाला असेल तर आतला भाग करडा आणि दाणेदार दिसतो का? आणि अंगावरून एक बारीक उंच रेघ पूर्ण फिरलेली आहे का?

चाफेकळी

हो! पहार लागली तिथे छोटा टवका उडालाय, आत करडं, साखरेसारखं दाणेदार. आणि काठाच्या थोडं वर सगळीकडून फिरणारी बारीक रेघ आहे. आता हात फिरवून पाहिल्यावर स्पष्ट जाणवली.

ओतशाळा

मग हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ती रेघ म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली शिवण. घडीव लोखंड असतं तर गंज पापुद्र्यांनी सुटला असता आणि तुटलेल्या जागी तंतू दिसले असते.

पेठकरी, पेशवाईचा विचार मी इथेच बाजूला ठेवेन. आपल्याकडच्या जुन्या भट्ट्यांमध्ये लोखंड पाण्यासारखं पातळ होत नसे. मऊ गोळा निघायचा आणि तो ठोकून घडवायचे. म्हणून तर जुन्या मोठ्या लोखंडी तोफा पट्ट्या आणि कडी एकमेकांत ठोकून केलेल्या दिसतात. इथे एवढं मोठं भांडं एकसारख्या जाडीचं, खाच आणि जबड्यांसकट एका ओतात आलंय. यासाठी लाकडी नमुना लागतो, आणि असा नमुना कुणी एका नगासाठी करत नाही. हा शेकड्यांनी, कदाचित हजारांनी ओतलेला माल आहे. एकाच जागी हजारो लागतील अशी वस्तू कोणती, या दिशेनं शोधा.

बांधावरून

शेतीचं सामान म्हणून विचार करून पाहिला. गुऱ्हाळातली काहील पत्र्याची आणि कितीतरी मोठी असते. उसाच्या चरख्यात बिडाचे रोलर असतात, पण ते भरीव. मोटेला जे लोखंड लागायचं ते चाकाच्या आसाला आणि चामड्याच्या तोंडाच्या कड्याला, त्यात असा खोलगट भाग कुठेच नाही. कडबा कुट्टीचं चाक बिडाचं असतं, पण ते चाकच असतं.

मात्र तुमच्या अंगणात याचा उपयोग काय होत होता ते मला दिसतंय. तोंड वर करून पुरलेलं, भोकं चुन्यानं बुजवलेली, काठ जमिनीच्या वर राहील असं बसवलेलं. ही जनावरांच्या पाण्याची डोण केली होती कुणीतरी. आतल्या बाजूला काठाच्या खाली पांढरी आडवी रेघ आहे का बघा. पाणी वर्षानुवर्षं एका पातळीला राहिलं की क्षाराची रेघ उमटते. आणि सुरखी-चुना पेशवाईबरोबर संपला नाही. आमच्या आजोबांच्या वेळेपर्यंत गावातले गवंडी सर्रास वापरायचे, सिमेंट महाग आणि दुर्मीळ होतं.

चाफेकळी

पांढरी रेघ आहे, काठाखाली चार बोटांवर. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आंब्याच्या त्या बाजूला पूर्वी गोठा होता असं आजेसासूबाई सांगायच्या. म्हणजे डोण हे जुळतंय.

सांजवारा

पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, मुठेकाठचं काय काय वाहून खाली गेलं होतं. तसं आलेलं असेल का?

बांधावरून

पुरात आलेली वस्तू मुद्दाम भोकं बुजवून, सपाट बसवलेली सापडणार नाही. आणि दोघांनी उचलायचं बीड पाण्याबरोबर फार लांब जात नाही.

रूळमार्ग

धागा उशिरा पाहिला. मी रेल्वेत रूळमार्गाच्या देखभालीतच नोकरी काढली, आता निवृत्त आहे. चाफेकळी, तुमचं वर्णन वाचताना हातातला चहा बाजूला ठेवला. हा पॉट स्लीपर आहे, आणि तुम्ही तो उलटा बघत आहात.

तोंड खाली, बूड वर, अशी ही वस्तू बसते. रुळाखाली लाकडी किंवा काँक्रीटचा आडवा स्लीपर आपण सगळे ओळखतो. त्याऐवजी प्रत्येक रुळाखाली एक असे बिडाचे दोन पालथे पॉट खडीत बसवायचे. तुम्ही म्हणता ती सपाट जागा म्हणजे रुळाची बैठक. जबड्यांमध्ये रूळ धरला जायचा आणि बाजूनं पोलादी चावी, म्हणजे पाचर, ठोकून तो घट्ट करायचे. खालच्या आरपार खाचेतून एक लांब लोखंडी पट्टी जायची. ती दोन्ही पॉटना जोडायची आणि दोन रुळांमधलं अंतर कायम ठेवायची. आणि ती दोन भोकं खडी भरण्यासाठी आणि आतली खडी बघण्यासाठी. तुमच्या भांड्यात चिकटलेली काळ्या दगडाची टोकदार खडी फेकू नका. ती लाइनवरची खडी असण्याची दाट शक्यता आहे.

'ओतशाळा' यांनी सांगितलेलं तंतोतंत खरं आहे. एका किलोमीटरला असे हजारो पॉट लागतात.

सांजवारा

काका, पण पालथं भांडं का? सपाट पट्टी का नाही चालत? आणि लाकूड असताना बीड कशाला?

रूळमार्ग

चांगला प्रश्न. खडीचं काम भार पसरवणं आणि रूळ जागच्या जागी धरणं. पालथ्या पॉटच्या आत गच्च भरलेली खडी चारही बाजूंनी कोंडली जाते, तिला पसरायला जागाच राहत नाही. त्यामुळे पॉट बाजूला सरकत नाही. दोन पॉट मिळून खडीवर जेवढ्या क्षेत्रफळावर टेकतात ते लाकडी स्लीपरपेक्षा थोडंच कमी असतं.

लाकडाचं म्हणाल तर आपल्या हवेत त्याला दोन शत्रू, पाऊस आणि वाळवी. सागवान, साल, देवदार असं टिकाऊ लाकूड एवढ्या लांब लाइनला पुरवायचं म्हणजे जंगलंच्या जंगलं लागायची. बिडाला वाळवी लागत नाही, आणि मोडलं तरी वितळवून परत ओतता येतं.

मग गेले का? त्याला अनेक कारणं. सुटे भाग फार: पट्टी, चाव्या, पट्टीच्या खिळी. त्यातलं एक ढिलं झालं की सगळंच ढिलं. गाडी घसरली की बीड तडकतं, लाकडासारखं सोसत नाही. तीव्र वळणावर चालत नाही. आणि पुढे सिग्नलसाठी रुळांमधूनच वीज खेळवायला लागले. त्या पद्धतीत दोन रूळ एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं वेगळे ठेवावे लागतात. इथे तर दोन्ही रूळ लोखंडी पट्टीनंच जोडलेले. नंतर बिडातच सीएसटी-९ नावाचा सुधारलेला प्रकार आला, तो देशभर फार चालला. पुढे काँक्रीटनं सगळ्यांनाच मागे टाकलं.

ताई, दोन मापं घ्या. बैठकीवर रुळाच्या तळानं घासलेला सपाट पट्टा दिसेल, त्याची रुंदी मोजा, मिलीमीटरमध्ये. आणि अक्षरांवर तारेचा ब्रश मारू नका. ओल्या फडक्यानं माती काढा, मग अंधारात बाजूनं टॉर्च धरून वाचा. तिरका उजेड पडला की गंजातली अक्षरंही उठून दिसतात.

लोणीकर

रूळमार्ग साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. माझे वडील रेल्वेत चावीवाले होते, म्हणजे कीमन. पुणे-मिरज लाइनवर, आळंदी स्टेशनपासून शिंदवण्याच्या घाटाकडे त्यांची बीट, म्हणजे रोज तपासायचा टप्पा, होती. रोज पहाटे खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, लाल झेंडे, धोक्यासाठी रुळावर लावायचे फटाके असं सगळं घेऊन निघायचे. एका बाजूच्या रुळाच्या चाव्या बघत जायचं आणि येताना दुसऱ्या बाजूच्या. घट्ट चावीवर हातोडा पडला की खणखणीत वाजतं, ढिलीवर पडला की आवाज बसतो. ते म्हणायचे, डोळ्याआधी कानाला कळतं. पावसाळ्यात घाटात दरड येईल म्हणून रात्रीची गस्त वेगळी.

पॉटमधली खडी भरणं हे रूळ दुरुस्तीच्या गँगला सर्वांत नकोसं काम होतं असं ते सांगायचे. लाकडी स्लीपरखाली चारी बाजूंनी खडी ठासायचा बीटर मारता येतो. पॉटमध्ये मात्र त्या भोकातून ठासत बसायचं, आणि आत पोकळी राहिली की गाडी जाताना रूळ दबतो. ती भोकं मी लहानपणी पाहिलेली आहेत, पण त्यांच्याकडे नीट बघितलं आज. ताई, हे भंगारात देऊ नका अशी कळकळीची विनंती.

चाफेकळी

लोणीकर दादा, अजिबात देणार नाही.

मापं घेतली. घासलेला पट्टा ११० मिमीच्या आसपास, काठ थोडा खडबडीत आहे म्हणून एखाद-दोन मिमी इकडेतिकडे. टॉर्चची युक्ती अप्रतिम! इंग्रजी अक्षरं आहेत. पहिलं गेलंय, मग 'एम' आणि शेवटी 'आर' स्पष्ट. पहिल्या अक्षराच्या आणि 'एम'च्या मध्ये आणखी काही असावं इतकी जागा आहे, पण तिथेच खड्डा पडलाय. खाली आकडे असावेत, ते अजिबात लागत नाहीत.

रूळमार्ग

वा. आता नीट जुळवू.

रुळाचं वजन पूर्वी दर यार्डाला पौंडात सांगायचे. ९० पौंडी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद मार्गाच्या, रुळाचा तळ १३६.५ मिमी, ७५ पौंडीचा १२२ मिमीच्या आसपास, ६० पौंडीचा १०९.५. तुमचा पट्टा ११०, म्हणजे ६० पौंडी रूळ, आणि तो मीटरगेजवर, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या लाइनवर, सर्रास असायचा. शिवाय ब्रॉडगेजचा पॉट साधारण २४ इंच बाय २० इंच असतो, तुमचा १९ बाय १६. दोन्ही पुरावे एकाच बाजूला जातात.

आता अक्षरं. मुंबईहून पुण्याला १८५८ मध्ये आलेली लाइन ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) कंपनीची आणि ब्रॉडगेज. तिच्या मालावर ही अक्षरं बसत नाहीत. पण घोरपडीवरून मिरजेकडे जाणारी जुनी लाइन मीटरगेज होती आणि ती सदर्न मराठा रेल्वेची, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं एस-एम-आर. ही कंपनी १८८२ ची. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिळून 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली, तेव्हा अक्षरं एम-एस-एम-आर. दोन्हींत शेवटी 'एम' आणि 'आर' येतात. मधल्या खड्ड्यात काय होतं त्यावर कंपनी कोणती ते ठरेल. १९५१ मध्ये सदर्न रेल्वे झाल्यानंतरचा माल असता तर 'एम' आलंच नसतं. म्हणून हा पॉट त्याआधीचा, एवढं मी छातीठोक सांगतो.

पुणे-मिरज मार्ग १९७० च्या आसपास ब्रॉडगेज झाला आणि जुनं सामान उखडलं गेलं. पण तुमच्या घरी गोठा त्याआधीचा असेल तर हा पॉट आणखी आधी, एखाद्या दुरुस्तीत बदललेल्या मालातून आला असावा. तडकलेले पॉट वेळोवेळी निघतच असत.

पेठकरी

फार समाधान वाटलं वाचून. चुन्याचं कोडं आणि लोखंडाचं कोडं वेगवेगळं होतं, हे आता लख्ख दिसतं. वस्तू एका काळातली, तिचा अंगणातला उपयोग दुसऱ्या काळातला. एक विचारतो, कायद्याचं काय? जमिनीत सापडलेल्या वस्तूची माहिती कळवावी लागते ना?

वकीलवाडा

त्या कायद्याचं नाव भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. गोठ्याची डोण कुणी दडवून ठेवलेला ठेवा म्हणणार नाही, पण एक साधं पत्र देऊन पोच घेतली तर मनावरचं ओझं जातं. दुसरा कायदा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दलचा, १९६६ चा. तो चोरीच्या किंवा बेकायदा मिळवलेल्या मालाच्या वाजवी संशयावर चालतो. रेल्वे जुनं सामान लिलावात विकत आली आहे आणि ते गावोगावी पोचलं आहे. तरीही सापडलं त्या दिवसाचे फोटो, खड्ड्यासकट, तारखेनिशी जपून ठेवा. विकायच्या फंदात मात्र पडू नका, तिथे नसते प्रश्न उभे राहतात.

रानजाई

किमतीचा विषय निघालाच तर, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असं बीड किलोवर जातं. त्या भावात यातलं काहीच मोजलं जात नाही. घर पडतंय, अंगण जातंय, तर निदान ही वस्तू आणि तिची ही सगळी हकीकत एकत्र राहावी. केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी विचारून बघा. तिथे रोजच्या वापरातल्या वस्तूंना पहिल्यापासून मान आहे. पण देताना चुन्याची बुचं काढू नका. ती काढली तर फक्त रेल्वेचा पॉट उरेल, तुमच्या गोठ्याची डोण जाईल.

चाफेकळी

रानजाई, हे अगदी पटलं. नवऱ्याचंही हेच म्हणणं पडलं, बुचांना हात लावायचा नाही. वकीलवाडा, पत्र लिहायला घेतलंय. गंजाचं काय करू? आत्ता पडवीत ठेवलंय, पावसाची झड येते तिथपर्यंत.

ओतशाळा

पडवीतून आत घ्या. जमिनीतून निघालेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात आणि हवा लागली की गंज उलट जोरात वाढतो. आधी सावलीत पूर्ण कोरडं होऊ द्या. मऊ ब्रशनं सुटी माती झाडा. पाण्यानं धुऊ नका, ॲसिडचा तर विचारही नको, अक्षरं जातील आणि चुनाही. नीट वाळल्यावर बाहेरच्या बाजूला पातळ मेणाचा हात द्या, चुना सोडून. ऑइलपेंट नको. खाली दोन लाकडी ठोकळे ठेवा म्हणजे फरशीची ओल चढणार नाही. टवका उडालाय तिथून तडा पुढे जातोय का ते पेन्सिलीनं खूण करून बघत राहा.

लोणीकर

फुरसुंगीत आमच्या नात्यातल्या एका घरी तुळशीकट्ट्याच्या पायाला असाच पालथा बिडाचा भाग चिणलेला आहे. अर्धा बाहेर दिसतो. रविवारी जाऊन बघतो. काय काय मोजू?

रूळमार्ग

बैठकीवरचा घासलेला पट्टा, खाचेची लांबी-जाडी, आणि काठाची लांबी-रुंदी जेवढी उघडी असेल तेवढी. अक्षरं बैठकीच्या बाजूला शोधा, एका बाजूला नसली तर दुसऱ्या बाजूला. टॉर्च आणि कागद-पेन्सिल घेऊन जा. अक्षरांवर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की ठसा येतो. तो ठसा इथे टाका. चाफेकळींच्या पॉटवर खड्डा पडलाय तीच जागा तिथे शाबूत असेल तर कंपनी कोणती ते ठरेल.